दोन रुपयांच्या खाचेतलं बी

चोपड्यात चैत्र म्हणजे
दुपारी बारानंतर कुत्रंसुद्धा सावली बदलत नाही.
औंदा गुढी उतरवली ती ओली,
साखरेच्या गाठी विरघळून काठीला चिकटल्या,
आणि डांबरगोळ्यांत निजवलेला
डेपोचा खाकी स्वेटर
मी ट्रंकेतून पुन्हा बाहेर काढला.

सातपुड्याकडून वारा येतो
ब्रेक न लागणाऱ्या गाडीसारखा.
शेवग्याची फांदी घेऊन गेला,
बदल्यात रज्जाकभाईंच्या दुकानाचा पत्रा
माझ्या कोथिंबिरीवर आणून ठेवला.
ते न्यायला आले, वाकून बघितलं,
म्हणाले, राहू द्या, निजलीय ती.

कुंपणापलीकडून देवकाबाई:
"औंदा चैत येडा व्हई गया वं बाई."
मी चिखलात. काळी माती ओली झाली की
चप्पल ठेवून घेते,
पाय तेवढा परत देते.

बी मी तिकिटांच्या पेटीत ठेवते.
बावीस वर्षं काखेत होती ती ॲल्युमिनियमची पेटी.
मशिनं आली, डेपोनं ती भंगारात काढली,
मी पावती फाडून घरी आणली.
रुपयाच्या खाचेत मेथी,
पाचाच्या खाचेत गिलके,
दहाला भरताचं वांगं;
पोकळ्याचं बी इतकं बारीक
की पन्नास पैशांतही मावून उरतं.

दोनाच्या खाचेत जेमलीबाईचा वाल.
वैजापूरच्या फाट्यावर चढली होती,
डोक्यावर मोहाची टोपली,
भाड्याला दोन रुपये कमी.
मी म्हटलं, उतर.
ती उतरली नाही. ओच्यात हात घातला
आणि माझ्या तळव्यावर एकेक मोजून ठेवलं
काळं, पांढऱ्या डोळ्याचं बी. अकरा.
चेकर चढायच्या आत
दोन रुपये मी माझे टाकले.
पुन्हा कधी दिसली नाही.
वाल या दिवसांत लावत नाहीत म्हणतात.
मी लावते. चढली तेव्हा मोह गळत होता, म्हणून.

होळीपासून तीनदा पेरला.
पहिला कुजला.
दुसरा गोगलगायींनी नेला, एका रात्रीत,
रांगेनं, कुणालाही न ढकलता,
असे प्रवासी मला जन्मात मिळाले नाहीत.
तिसऱ्याचा वेल वीतभर चढला
आणि सोमवारी, चारच्या सुमाराला, गारा.

आधी एक. मग दोन.
मग पत्र्यावर कुणीतरी
दिवसभराचे सुट्टे पैसे ओतले.
मी ओट्यावरून ओरडले, थांबा,
आणि सवयीनं हात वर गेला
घंटीची दोरी शोधत.
वर नुसती वळचण,
मनगटावरून कोपरापर्यंत गार पाणी.

थांबल्यावर गेले बघायला.
केळीच्या पानांना भोकं, अळूच्या पानांना भोकं,
काठाशी, गोल, नेमकी.
खड्ड्यातून गाडी जाताना
इतकी नेटकी मला कधी जमली नाहीत.
वेल मात्र मातीत, मोडलेला.

शेजारचा भूपेश खिशात गारा भरून आला,
खिसा गळत होता.
"मावशी, ही पानं आता बाद?"
नाही रे.
पंच केलेलं तिकीट बाद नसतं,
माणूस गाडीत बसलंय
एवढाच त्याचा अर्थ.
आणि वेल?
वेलाचं मी काही बोलले नाही.

आज पुन्हा ढग. स्वेटरच्या बाह्या
कोपरापर्यंत चिखलानं कडक.
पेटी उघडली. दोनाच्या खाचेत
चार बिया उरल्यात.
दोन लावल्या, पत्र्याच्या आडोशाला,
बोटाच्या पेराएवढ्या खोल.
दोन ठेवल्या.

सुट्टे नेहमी थोडे
हाताशी असावेत.